मोठ्या हृदयाची उपासमार

टू-डी इकोचा रिपोर्ट हातात पडला की घरातले सगळे त्यात एकच आकडा शोधतात : पंपिंग किती टक्के? पंचावन्न-साठ असेल तर जीव भांड्यात पडतो. तीसच्या खाली असेल तर बोलणंच खुंटतं. त्याच कागदावर पुष्कळदा आणखी एक ओळ असते, डावा कप्पा मोठा झाल्याची. व्यायामानं दंड भरला तर जोर वाढतो, मग हृदय मोठं होऊन त्याचा जोर कमी कसा होतो, हा प्रश्न नातेवाइकांना पडतो. वैद्यकशास्त्राला तो दोनशे वर्षांहून अधिक काळ पडलेला आहे. त्याच्या उत्तराचा एक पदर हृदयाच्या स्वतःच्या खाण्यापिण्याकडे, म्हणजे ते ऊर्जा कशी मिळवतं आणि कशी खर्चतं इकडे जातो. इकोच्या रिपोर्टमध्ये ह्याबद्दल एक अक्षर नसतं, आणि माझ्या मते गेल्या शंभर वर्षांतली हृदयविकाराची सगळ्यात महत्त्वाची शिकवण नेमकी तिथेच आहे.

मोठ्या हृदयांची पहिली नीट वर्गवारी केली ती नेपोलियनच्या वैद्यानं, झाँ-निकोला कोर्व्हिसारनं. व्हिएन्नाच्या आऊएनब्रुगरनं १७६१ मध्ये लिहिलेली, छातीवर बोटांनी ठोकून आतला अंदाज घेण्याची पद्धत कुणी फारशी मनावर घेतली नव्हती. कोर्व्हिसारनं ती वापरात आणली, १८०८ मध्ये त्या पुस्तकाचं फ्रेंच भाषांतरही केलं. रोगी जिवंत असताना ठोकून हृदयाचा पसारा जोखायचा आणि तो गेल्यावर छाती उघडून ताडून पाहायचं, असा त्याचा क्रम. १८०६ च्या ग्रंथात त्यानं मोठ्या हृदयाच्या दोन जाती सांगितल्या. एकीत भिंती जाड होतात आणि ठोक्याचा जोर वाढतो. दुसरीत भिंती पातळ होऊन कप्पा पसरतो आणि जोर हरपतो. आजही इको करणारा डॉक्टर हाच भेद पाहतो. पहिल्या जातीचं हृदय पुढे दुसऱ्या जातीत का जातं, हे मात्र कोर्व्हिसारच्या सुरीला दिसणं शक्य नव्हतं.

उपचार त्याआधीच सापडलेला होता. बर्मिंगहॅमच्या विल्यम विदरिंगला श्रॉपशरमधल्या एका म्हातारीचा घरगुती काढा कळला. अंगावर सूज चढलेल्या रोग्यांना ती तो देत असे. त्यातली कामाची वनस्पती फॉक्सग्लव्ह आहे हे विदरिंगनं ओळखलं आणि दहा वर्षांचे अनुभव, अपयशांसकट, १७८५ मध्ये छापले. डिजिटॅलिस ते हेच. ते हृदयाच्या पेशीत कॅल्शियम वाढवतं आणि ठोका जोरकस करतं. पुढची दोनशे वर्षं थकलेल्या हृदयावरच्या औषधांमागे हीच एक कल्पना राहिली : जोर कमी पडतोय ना, मग जोर लावायला लावा.

हृदयाला हा जोर कितीला पडतो, हे कुणी विचारलं नव्हतं. १८९२ मध्ये रॉबर्ट वुड्स यानं लाप्लासचा पातळ पडद्यांवरचा नियम हृदयाला लावून पाहिला. कप्प्याची त्रिज्या वाढली की आतला दाब तेवढाच असला तरी भिंतीवरचा ताण वाढतो. भिंत जाड झाली की तो ताण पुन्हा वाटला जातो. ह्या एका गणितात कोर्व्हिसारच्या दोन्ही जाती बसतात. रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला किंवा महाधमनीची झडप अरुंद झाली की हृदय भिंत जाड करून ताण सोसतं. लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापानं झडप खराब होऊन गळू लागली की प्रत्येक ठोक्याला जास्तीचं रक्त सांभाळावं लागतं आणि कप्पा पसरतो. आणि पसरलेल्या कप्प्याला तेवढंच रक्त बाहेर ढकलायला आधीपेक्षा जास्त ताण निर्माण करावा लागतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अर्नेस्ट स्टार्लिंगनं हे जिवंत हृदयावर मोजलं. त्याचं नाव आपल्याकडे प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला पाठ असतं ते दुसऱ्या कारणानं : हृदयाचा तंतू जितका ताणाल तितका तो पुढच्या ठोक्याला जोरानं आकसतो. जर्मनीत ओटो फ्रांकनं १८९५ मध्ये बेडकाच्या हृदयावर ह्याचा पाया घातला होता, स्टार्लिंगनं १९१४ मध्ये कुत्र्याच्या हृदय-फुप्फुसांवर तो दाखवला. त्याच्या शेवटच्या कामांपैकी एक मात्र क्वचितच कुणी वाचतं. १९२७ मध्ये मॉरिस व्हिशर ह्या अमेरिकी सहकाऱ्याबरोबर त्यानं दाखवलं की हृदय किती ऑक्सिजन खर्च करतं हे ते प्रत्यक्ष किती काम करतं ह्यापेक्षा ते किती फुगलेलं आहे ह्यावर ठरतं. थकत चाललेलं हृदय तेवढंच काम करायला जास्त फुगतं आणि जास्त ऑक्सिजन जाळतं. म्हणजे कामाचा मोबदला घटतो आणि खर्च वाढतो. त्याच वर्षी स्टार्लिंग जमैकाला जहाजावर वारला. त्याचा पहिला नियम अमर झाला, हा दुसरा मागे पडला. माझ्या लेखी रोग्याच्या दृष्टीनं दुसराच जास्त मोलाचा होता.

हा ऑक्सिजन जाळून हृदय नेमकं काय कमावतं, ते कळायला एका भारतीय माणसाचे हात लागले. यल्लाप्रगड सुब्बाराव मूळ आंध्रचे. मद्रास मेडिकल कॉलेजात खादी घालतात म्हणून प्राध्यापकाची मर्जी गेली आणि त्यांना पूर्ण पदवीऐवजी कमी दर्जाचं प्रमाणपत्र मिळालं. पुढे ते बोस्टनला हार्वर्डमध्ये सायरस फिस्केंच्या प्रयोगशाळेत पोहोचले. फॉस्फरस मोजण्याची त्या दोघांची १९२५ ची पद्धत आपल्याकडच्या बायोकेमिस्ट्रीच्या प्रात्यक्षिकांत कित्येक पिढ्यांनी केलेली आहे. त्याच पद्धतीनं त्यांनी १९२७ मध्ये स्नायूतलं क्रिएटिन फॉस्फेट ओळखलं आणि १९२९ मध्ये, जर्मनीत कार्ल लोमानच्या जोडीलाच पण स्वतंत्रपणे, एटीपी वेगळं केलं.

ही दोन नावं पुढच्या सगळ्या गोष्टीत येत राहतात, म्हणून इथे थोडं थांबतो. हृदयाचा तंतू आकसतो आणि सैल होतो तो एटीपी फोडूनच. चरबी, साखर, ऑक्सिजन ह्यांतलं काहीही तो थेट वापरू शकत नाही. पेशीतल्या मायटोकाँड्रियांनी त्यांचं एटीपी करून दिलं तरच उपयोग. जेमतेम तीनशे ग्रॅमचा हा अवयव दिवसाला लाखभर ठोके देतो आणि त्यासाठी सुमारे सहा किलो एटीपी बनवून फोडतो. शिलकीत असतं ते काही सेकंदांपुरतं. त्यामुळे मोडलेलं एटीपी क्षणात पुन्हा जोडावं लागतं. मायटोकाँड्रियातली ऊर्जा तंतूपर्यंत झटपट पोचवायची आणि अचानक गरज वाढली तर कमी पडू द्यायची नाही, हे काम क्रिएटिन फॉस्फेट करतं. ठोक्याइतकंच ठोक्यानंतर सैल होणंही एटीपीवर चालतं, कारण कॅल्शियम परत आत ओढून घ्यायला ऊर्जा लागते. म्हणूनच जाड झालेल्या हृदयात बिघाड पुष्कळदा आधी सैल होण्यात दिसतो; पंपिंगचा आकडा तोवर साठ टक्के असू शकतो आणि माणसाला जिना चढताना धाप लागत असते.

मोठ्या हृदयातली तूट पहिल्यांदा दिसली ती १९३९ मध्ये. टेक्ससमधले जॉर्ज हरमन आणि जॉर्ज डेचर्ड यांना हृदय थकून मेलेल्या माणसांच्या हृदयात क्रिएटिन कमी आढळलं. त्यांनी निबंधाच्या नावातच हृदय थकण्याचं रासायनिक स्वरूप असा शब्दप्रयोग केला. तिथून गाडी सुसाट सुटायला हवी होती. तसं झालं नाही, आणि त्याचं कारण एक अत्यंत चोख प्रयोग होता.

न्यूरेंबर्गमध्ये जन्मलेले, नाझींमुळे देश सोडून आलेले रिचर्ड बिंग यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये बारीक नळी हृदयाच्या स्वतःच्या शिरेपर्यंत नेली. हृदयात शिरणारं रक्त आणि त्याच्या स्नायूतून बाहेर पडणारं रक्त, दोन्हींतला फरक काढला की जिवंत माणसाचं हृदय काय खातं ते कळतं. हृदयाचं मुख्य अन्न चरबी आहे, साखर दुय्यम, हे माणसात प्रत्यक्ष दिसलं ते त्यांच्यामुळे. पण थकलेल्या हृदयांत त्यांना ऑक्सिजनचा वापर स्नायूच्या वजनामागे जवळपास नेहमीसारखाच आढळला. त्यांनी निष्कर्ष काढला की ऊर्जा नीट तयार होते, तिचं कामात रूपांतर करताना गडबड होते. मोजमाप बरोबर होतं. पण फुगलेल्या हृदयाला नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा लागते, त्याला नेहमीइतकीच मिळत असेल तर ती कमीच पडणार, ही स्टार्लिंगच्या दुसऱ्या नियमातली गोष्ट त्या निष्कर्षात उतरली नाही. पुढची वीस वर्षं अमेरिकेत उपासमारीची कल्पना जवळजवळ बाजूला पडली.

मॉस्कोमध्ये ती जिवंत होती. फेलिक्स मीरसन सशांची महाधमनी अरुंद करून त्यांचं हृदय दिवसागणिक कसं बदलतं ते पाहत होते. त्यांना तीन टप्पे दिसले. आधी अचानक आलेल्या भारानं हृदय हबकतं. मग ते वाढतं, भार जास्त स्नायूवर वाटला जातो आणि बराच काळ सगळं सुरळीत चालतं. शेवटी ते झिजतं, तंतू मरतात, त्यांच्या जागी चिवट ऊती भरते. मीरसनचं लक्ष मधल्या, वरून स्वस्थ दिसणाऱ्या टप्प्यावर होतं. हृदय वाढतं तेव्हा आकसणारे तंतू भराभर वाढतात, मायटोकाँड्रिया आणि केशवाहिन्या त्या वेगानं वाढत नाहीत. कामकरी वाढले, शिधा तेवढाच. १९६९ मध्ये त्यांचं काम अमेरिकेत इंग्रजीतून निघालं. तोवर तिथेही पुरावा जमू लागला होता : १९६७ मध्ये युजीन ब्राउनवाल्ड यांच्या गटानं मांजरांच्या भाराखालच्या हृदयात क्रिएटिन फॉस्फेट घटल्याचं दाखवलं. एटीपी मात्र जवळजवळ पूर्ववत होतं. इथेच पुष्कळांची दिशाभूल झाली. हृदय एटीपीची पातळी शेवटपर्यंत राखतं आणि आधी क्रिएटिन फॉस्फेट खर्ची घालतं, त्यामुळे फक्त एटीपी मोजणाऱ्याला सारं आलबेल वाटतं.

मोठं हृदय सरसकट उपाशीच असतं असं मात्र नाही. सायकलपटूंचं हृदयही चांगलं मोठं होतं; हॉलंडमधल्या अशा खेळाडूंची १९९८ मध्ये तपासणी झाली तेव्हा त्यांचं पंपिंग आणि ऊर्जेचा साठा दोन्ही निरोगी निघाले. खेळाडूच्या हृदयाला भारानंतर विसावा मिळतो. उच्च रक्तदाबाच्या हृदयाला तो झोपेतही नीट मिळत नाही.

ह्या सगळ्यातून उपचाराचा अर्थ काढला तो आर्नल्ड कॅट्झ यांनी. १९९० च्या त्यांच्या लेखातलं म्हणणं असं : भाराखालचं हृदय ऊर्जेला मोताद असतं आणि म्हणूनच ते आपणहून मंद होतं. त्याच्या तंतूंची एटीपी फोडण्याची गती कमी झाल्याचं नॉर्मन आल्पर्ट यांनी १९६२ मध्येच दाखवलं होतं. त्या मंदपणाकडे सगळे दोष म्हणून पाहत होते; कॅट्झना त्यात काटकसर दिसली. अशा हृदयाला औषधानं जोर लावायला लावणं म्हणजे चढावर धापा टाकणाऱ्या बैलाला पराणी टोचणं. चार पावलं तो पुढे जाईल, पण त्याची किंमत पुढे चुकवावी लागेल.

पुढच्याच वर्षी ह्याचा पडताळा आला. मिलरिनोन हे ठोका जोरकस करणारं औषध. रोग्यांना बरं वाटे, पंपिंग सुधारे. १९९१ मध्ये १,०८८ रोग्यांवरची चाचणी प्रसिद्ध झाली : गोळीच्या रूपात मिलरिनोन घेणाऱ्यांत मृत्यू २८ टक्क्यांनी जास्त होते. जुन्या डिजिटॅलिसची खरी परीक्षा तर १९९७ मध्ये, विदरिंगनंतर दोन शतकांनी झाली. त्यानं दवाखान्याच्या फेऱ्या कमी केल्या, आयुष्य वाढवलं नाही.

उलट टोकाचं औषध स्वीडनमध्ये वाट पाहत होतं. गोटेबर्गचे फिन वॉगस्टीन यांनी १९७५ मध्ये हृदय फुगून थकलेल्या सात रोग्यांना बीटा ब्लॉकर दिले. हे औषध ठोके मंदावतं आणि जोर कमी करतं. थकलेल्या हृदयाला ते देऊ नये असं तेव्हाची सगळी पाठ्यपुस्तकं सांगत. त्यांचे रोगी सुधारले. कुणी विश्वास ठेवला नाही. अखेर १९९९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत, एक बायसोप्रोलोलची आणि एक मेटोप्रोलोलची, मृत्यू प्रत्येकी ३४ टक्क्यांनी कमी झाले. चोवीस वर्षं. त्या काळात जगभर किती माणसांना हे औषध त्यांच्या भल्यासाठी म्हणून नाकारलं गेलं असेल, ह्या विचारानं मन अस्वस्थ होतं. बीटा ब्लॉकर केवळ ऊर्जा वाचवतात म्हणून गुण देतात असा दावा कुणी करू नये, ते हृदयाला अॅड्रिनॅलिनच्या माऱ्यापासूनही वाचवतात. पण काही महिने विसावा मिळालेलं हृदय आकसून लहान होतं आणि त्याचं पंपिंग वाढतं, हे आता आपल्याकडेही हजारो इको रिपोर्टांत दिसतं.

दरम्यान छाती न उघडता हृदयातली ऊर्जा मोजण्याचं साधन आलं होतं. एमआरआयचंच भावंड असलेल्या फॉस्फरस स्पेक्ट्रोस्कोपीनं ऑक्सफर्डच्या जॉर्ज राड्डा यांच्या गटानं १९७७ मध्ये उंदराचं हृदय तपासलं, १९८५ मध्ये अमेरिकेत पॉल बॉटमली यांनी माणसाचं. १९९१ मध्ये ऑक्सफर्डलाच झडपांच्या रोग्यांत दिसून आलं की थकलेल्या जाड हृदयांत एटीपीच्या तुलनेत क्रिएटिन फॉस्फेट कमी असतं. निरोगी हृदयात हे प्रमाण दोनच्या जवळपास. १९९७ मध्ये जर्मनीतल्या व्युर्झबुर्गच्या स्टेफान नॉयबाउअर यांनी फुगलेल्या हृदयाच्या ३९ रोग्यांची सुमारे अडीच वर्षांनी खबर घेतली. हे प्रमाण १.६ च्या खाली असलेल्यांपैकी ४० टक्के दगावले होते, वर असलेल्यांपैकी ११ टक्के. पंपिंगच्या टक्क्यांपेक्षा हा आकडा मृत्यूचा अंदाज जास्त नेमका देत होता. पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये रॉबर्ट वाइस यांनी साठ्याऐवजी प्रवाह मोजला : क्रिएटिनमार्गे तंतूंना दर सेकंदाला किती एटीपी पोचतं. जाड झालेल्या पण अजून न थकलेल्या हृदयात तो काहीसा घटलेला होता, थकलेल्या जाड हृदयात निम्म्याच्याही खाली.

उपासमार आधी की थकवा आधी, हा वाद तरीही उरतोच. त्यावर मला सगळ्यात बोलका वाटतो तो २००३ चा ऑक्सफर्डचा पुरावा. आनुवंशिक दोषानं ज्यांचं हृदय जाड होतं अशा कुटुंबांत ऊर्जेचं प्रमाण कमी होतंच. दोष असूनही ज्यांचं हृदय अजून जाडच झालेलं नव्हतं त्यांच्यातही ते कमी होतं. तिथे तरी तूट आधीची. ह्या दोषांमुळे तंतू तेवढ्याच कामाला जास्त एटीपी उधळतात. अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळालेलं मॅव्हाकॅम्टेन अशाच हृदयासाठी आहे, आणि ते तंतूंचा एटीपीचा खर्चच कमी करतं. विदरिंगनं सुरू केलेली वाट इथे पूर्ण उलटी फिरलेली दिसते.

मग अन्नच बदलून दिलं तर? कॅनडात १९९४ मध्ये उंदरांच्या जाड झालेल्या हृदयांत चरबीचं ज्वलन घटलेलं आणि साखर अर्धवट फोडणं वाढलेलं आढळलं. गर्भातलं बाळ अपुऱ्या ऑक्सिजनमध्ये साखरेवर भागवतं आणि जन्मानंतर चरबीकडे वळतं. भाराखालचं हृदय काही अंशी त्या जुन्या वळणावर परत जातं. साखरेत ऑक्सिजनमागे थोडं जास्त एटीपी मिळतं, म्हणून चरबीचं ज्वलन आणखी दाबून पाहिलं गेलं. एटोमॉक्सिर नावाच्या औषधाची चाचणी यकृताला इजा दिसल्यामुळे थांबवावी लागली. २०२० मध्ये फिलाडेल्फियात ११० माणसांच्या हृदयात शिरणारं आणि बाहेर पडणारं रक्त बिंग यांच्याच रीतीनं तपासलं, ह्या वेळी २७७ पदार्थांसाठी. थकलेलं हृदय कीटोन, म्हणजे यकृतानं चरबीपासून बनवलेलं इंधन, जास्त खात होतं आणि स्वतःची प्रथिनं जास्त वेगानं मोडत होतं. डेन्मार्कमध्ये २०१९ मध्ये कीटोन शिरेतून दिल्यावर हृदयाचं रक्त फेकणं मिनिटाला दोन लिटरनं वाढलं, पण ऑक्सिजनचा खर्चही त्याबरोबर वाढला.

त्याच वर्षी मधुमेहाच्या एका औषधानं सगळ्यांना चकित केलं. ह्या औषधांचा मूळ पुरुष सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये काढलेला फ्लोरिझिन. लघवीतून साखर बाहेर टाकणं हे त्याचं काम. त्याच वंशातल्या डापाग्लिफ्लोझिननं मधुमेह असलेल्या आणि नसलेल्याही रोग्यांत हृदय आणखी खालावण्याचा वा हृदयविकारानं मृत्यूचा धोका २६ टक्क्यांनी घटवला. ही औषधं रक्तातले कीटोन थोडे वाढवतात, म्हणून उपाशी हृदयाला अन्न मिळालं अशी सुरेख मांडणी झाली. ऑक्सफर्डला नॉयबाउअर यांच्याच गटानं ती तपासली. एम्पाग्लिफ्लोझिन बारा आठवडे देऊन हृदयातल्या ऊर्जेचं प्रमाण मोजलं. २०२३ मध्ये निकाल आला, काहीही फरक नाही. औषध गुण देतं, पण त्या वाटेनं नाही.

म्हणून माझा कौल असा आहे : थकलेल्या मोठ्या हृदयाला जास्तीचं अन्न भरवून कुणाचं आयुष्य वाढल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही, त्याच्यावरचा भार आणि त्याचा खर्च कमी केल्यानं वाढलं आहे. ऊर्जा वाढवणाऱ्या पावडरी आणि गोळ्यांवर पैसे घालण्याआधी हे ध्यानात घ्या. पंपिंग कमी असलेल्यांसाठी चार प्रकारची औषधं आज पक्की ठरलेली आहेत आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन दोन्ही आता भारतात पेटंटमुक्त होऊन पूर्वीपेक्षा बरीच स्वस्त मिळतात. ह्यांतली आपल्याला कोणती चालतील ते डॉक्टरांना विचारा. बीटा ब्लॉकर सुरू झाला की पहिले काही आठवडे पुष्कळांना जास्तच थकल्यासारखं वाटतं, नाडी मंदावते आणि गोळी परस्पर बंद केली जाते. ती तशी बंद करू नका; त्रास होत असेल तर डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्या.